रक्ताची साक्ष कितपत मानावी?

आपलें भवितव्य आधीं जाणून घेण्याची हौस मनुष्याला फार जुनी आहे. कोणी पत्रिका मांडतो, कोणी हात पुढें करतो, कोणी शकुन पाहतो. अलीकडे या हौसेला एक नवें स्थान मिळालें आहे, तें म्हणजे प्रयोगशाळेंतील कांचेची नळी. दंडांतून चमचाभर रक्त काढून द्यावें आणि पुढें कोणता रोग होणार हें संध्याकाळपर्यंत कागदावर छापून यावें, अशी अपेक्षा सुशिक्षित घरांतूनही आतां केली जाते. ही अपेक्षा सर्वस्वी खुळी नाहीं आणि सर्वस्वी रास्तही नाहीं. ती कोठवर रास्त आहे, याचा विचार एका विवक्षित उदाहरणावरून करण्याचें या महिन्यांत योजिलें आहे. धुळीच्या धंद्यांत ज्यांचीं फुप्फुसें दुखावलीं आहेत अशा माणसांना पुढें कर्करोग होईल किंवा नाहीं, हें त्यांच्या रक्तांतील प्रथिनांवरून सांगतां येतें काय, हा तो प्रश्न.

प्रश्न निघाला एका वाचकभगिनींच्या पत्रावरून. त्यांच्या मोठ्या दिरांनीं मोटारींच्या ब्रेकला लावावयाचे पट्टे करणाऱ्या एका कारखान्यांत तीस वर्षें नोकरी केली. सेवानिवृत्तीनंतर दम लागूं लागला, म्हणून छातीचें चित्र काढलें. तेव्हां फुप्फुसांत व्रण दिसले आणि डॉक्टरांनीं रोगाचें नांव 'ॲस्बेस्टोसिस' असें सांगितलें. अशा रोग्यांस कर्करोगाची भीति अधिक असते हेंही घरच्यांच्या कानीं आलें. इतक्यांत एका प्रयोगशाळेचें पत्रक घरीं पडलें. त्यांत 'कर्करोगाच्या खुणा रक्तांत तपासून मिळतील' अशी ग्वाही होती. ही तपासणी करून घ्यावी काय, आणि ती निर्दोष आल्यास निर्धास्त राहावें काय, अशी भगिनींची पृच्छा आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. परंतु वैद्यांनीं छापून प्रसिद्ध केलेलें समजून घेऊन तें सोप्या भाषेंत सांगणें हें शिक्षकाचेंच काम आहे.

प्रथम धुळीविषयीं. ॲस्बेस्टॉस हा दगडच. पण त्याचे कापसासारखे तंतु निघतात, त्यांचें सूत काततां येतें आणि कापड विणतां येतें. हे तंतु आगींत जळत नाहींत. ग्रीक भाषेंत या नांवाचा मूळ अर्थच 'न विझणारें' असा आहे. या गुणामुळें बाष्पयंत्रांचीं वेष्टनें, जहाजें, आगगाडीचे डबे, ब्रेकचे पट्टे, पाण्याचे नळ अशा शेंकडों ठिकाणीं त्याचा उपयोग झाला. आपल्याकडे ज्यांना नुसतें 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात, त्यांतही तो असतो. दोष एवढाच कीं, याचे सूक्ष्म तंतु श्वासावाटे आंत गेले म्हणजे फुप्फुसाला ते बाहेर टाकतां येत नाहींत. शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळावयास जातात आणि स्वतःच नाश पावतात. ही झटापट वर्षानुवर्षें चालते. तिच्यांतून व्रण पडतात आणि कोमल फुप्फुस चामड्यासारखें ताठ होत जातें.

इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या कारखान्यांत काम केलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीच्या मृत्यूचें वर्णन कुक नांवाच्या विकृतिविज्ञानतज्ज्ञानें १९२४ सालीं प्रसिद्ध केलें, आणि या रोगाला 'ॲस्बेस्टोसिस' हें नांवही १९२७ सालीं त्यानेंच दिलें. मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल १९३० सालीं निघाला व दुसऱ्याच वर्षीं तेथें धुळीसंबंधीं नियम झाले. कर्करोगाचा संबंध निर्विवाद ठरण्यास मात्र आणखी वेळ लागला. १९५५ सालीं रिचर्ड डॉल यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ या धुळींत काम केलेल्या ११३ पुरुषांचा हिशेब मांडला. सामान्य प्रमाणानें त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानें एखादाही मृत्यु व्हावयास नको होता (गणितानें ०.८), तेथें ११ झाले होते. पुढें १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंत वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखांतील ३३ रोगी नोंदविले. त्यांचा कर्करोग फुप्फुसांत नसून फुप्फुसाच्या आवरणांत उद्भवला होता. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. यांतील कांहीं रोग्यांनीं खाणींत कधीं पाऊलही टाकलें नव्हतें. त्यांचें केवळ बालपण खाणीच्या आसपास गेलें होतें.

पुढील विवेचनासाठीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, धूळ आंत जाणें आणि मेसोथेलिओमा प्रकट होणें यांत बहुधा तीसचाळीस वर्षांचें अंतर पडतें. ऋणको विसरतो, पण धनको विसरत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. दुसरी गोष्ट तंबाखूची. १९७९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें, धूळ नाहीं व धूम्रपान नाहीं अशा मनुष्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका १ धरला, तर केवळ धुळीनें तो सुमारें ५, केवळ धूम्रपानानें सुमारें ११, आणि दोन्ही एकत्र आल्यास सुमारें ५३ पट होतो. येथें बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो. (मेसोथेलिओमाला मात्र धूम्रपानाचें साहाय्य लागत नाहीं, त्याला धूळ पुरते.)

ॲस्बेस्टॉसप्रमाणेंच वाळूच्या जातीची जी सिलिका, तिची धूळही कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्थेनें १९९७ सालीं दिला. सिलिकेचें नांव निघालें म्हणजे आम्हां मास्तरांना थोडें अवघडल्यासारखें होतें. पाटीवरच्या पेन्सिली जेथें कापल्या जात, त्या मध्यप्रदेशांतील मंदसोरच्या कारागिरांमध्यें सिलिकोसिसचें प्रमाण भयंकर असल्याचें आपल्याकडील संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. पोरांना 'ग म भ न' शिकवितांना ती पेन्सिल कोणाच्या श्वासावर घासून आली, हें कोणी विचारलें नव्हतें.

आतां रक्ताकडे वळूं. शरीरांतील प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीं प्रथिनें तयार करते. त्यांतील कांहीं पेशींतच राहतात, कांहीं झिरपून रक्तांत येतात. कर्करोगाची पेशी स्वभावानें बेशिस्त असल्यामुळें एखादें प्रथिन ती नको तितकें करते. तें रक्तांत वाढलेलें आढळलें म्हणजे आंत कांहीं तरी बिघडत असावें असें अनुमान काढतां येतें. अशा प्रथिनाला वैद्यकांत 'मार्कर' म्हणतात. आपण त्यास खुणेचें प्रथिन म्हणूं. ही कल्पना आजची नव्हे. लंडनचे वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांनीं १८४७-४८ च्या सुमारास अस्थिमज्जेच्या एका रोग्याच्या मूत्रांत चमत्कारिक प्रथिन असल्याचें नमूद केलें होतें, आणि तें आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. १९६५ सालीं कॅनडांत गोल्ड व फ्रीडमन यांना आंतड्याच्या कर्करोगांत 'सीईए' नांवाचें प्रथिन सांपडलें. त्यानंतर अशा खुणांचा शोध सुरू झाला तो अद्याप चालू आहे.

धुळीच्या रोग्यांच्या बाबतींत सर्वांत मोठी आशा उत्पन्न केली ती मेसोथेलिन नांवाच्या प्रथिनानें. हें फुप्फुसाच्या आवरणांतील पेशींचें प्रथिन आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांत विटेनूम येथें १९६६ पर्यंत निळा ॲस्बेस्टॉस खणला जात असे, आणि त्याचें फळ तें राज्य अद्याप भोगीत आहे. तेथील पर्थ शहराच्या रॉबिन्सन प्रभृति संशोधकांनीं २००३ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. मेसोथेलिओमा झालेल्या ४४ रोग्यांपैकीं ३७ जणांच्या रक्तांत हें प्रथिन वाढलेलें होतें. इतर कर्करोग व फुप्फुसाचे इतर दाह असलेल्या १६० रोग्यांपैकीं केवळ तिघांत तें वाढलेलें होतें. याहून कुतूहलाची गोष्ट पुढेंच आहे. धुळीचा संसर्ग झालेल्या, पण त्या वेळीं कर्करोग नसलेल्या ४० माणसांपैकीं सातांच्या रक्तांत तें अधिक निघालें. आणि एक ते पांच वर्षांच्या आंत त्या सातांपैकीं तिघांना मेसोथेलिओमा व एकाला फुप्फुसाचा कर्करोग झाला. उरलेल्या ३३ जणांवर आठ वर्षें लक्ष ठेवलें; त्यांत मेसोथेलिओमा एकालाही झाला नाहीं. हे आंकडे वाचून ज्याला हर्ष होणार नाहीं असा मनुष्य विरळा. भविष्य सांगणारी नळी सांपडली, असेंच तेव्हां अनेकांना वाटलें.

परंतु माणसें चाळीस होतीं. चाळिसांवरून चाळीस हजारांना नियम लावतां येत नाहीं. येथें आपल्या जुन्या तर्कशास्त्राचें साहाय्य घेणें सोयीचें आहे. न्यायशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर विद्यार्थ्याला लक्षणाचे दोष शिकवितात. गाय कोणती हें ओळखण्यासाठीं 'जिचा रंग कपिल ती गाय' असें लक्षण केलें, तर पांढरी गाय बाहेर राहते. याला अव्याप्ति म्हणतात. 'जिला शिंगें ती गाय' असें म्हटलें, तर म्हैसही आंत शिरते. याला अतिव्याप्ति म्हणतात. रक्तांतील खुणेची परीक्षा तंतोतंत हीच आहे. रोग होणार असूनही जिच्या नजरेंतून रोगी निसटतो ती खूण अव्याप्त. रोग होणार नसतां जी निरोग्यावर बोट ठेवते ती अतिव्याप्त. आणि गंमत अशी कीं, एक दोष कमी करूं गेलें तर दुसरा वाढतो. मर्यादा खालीं आणावी तर म्हशी शिरतात. वर न्यावी तर गाई सुटतात.

दुसरी मेख अशी कीं, ४४ पैकीं ३७ हा जो कौल मिळाला, तो रोग उघड झालेल्यांच्या रक्ताचा होता. गांठ जितकी मोठी तितकें प्रथिन अधिक. आपल्याला हवें आहे तें गांठ लहान असतांना, किंबहुना नसतांना. २०१२ सालीं अनेक रुग्णालयांतील नोंदी एकत्र करून, पहिल्या दोन अवस्थांतील २१७ रोग्यांची तुलना लक्षणें असलेल्या किंवा धोक्यांतील १,६१२ माणसांशीं केली गेली. शंभर निरोग्यांपैकीं पांचांहून अधिकांना नाहक भीति घालावयाची नाहीं, एवढी अट ठेवली, तेव्हां मेसोथेलिननें शंभरांतले फक्त ३२ रोगी ओळखले.

याहीपेक्षां कसोशीची परीक्षा जर्मनींत झाली. तेथें पूर्वीं ॲस्बेस्टॉसच्या धुळींत काम केलेल्या २,७६९ माणसांना दरवर्षीं बोलावून त्यांचें रक्त जपून ठेवलें. कालांतरानें ज्या ३४ जणांना मेसोथेलिओमा झाला, त्यांचे रोगनिदानापूर्वींचे नमुने बाहेर काढले आणि कर्करोग न झालेल्या १३६ सोबत्यांच्या नमुन्यांशीं ताडून पाहिले. ही रीत उत्तम होय. कारण येथें प्रश्न आधीं विचारून ठेवला होता आणि उत्तर काळानें दिलें. २०१८ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. शंभरांत दोहोंहून अधिक खोटे इशारे नकोत, ही अट. निदानापूर्वीं एक ते पंधरा महिने घेतलेल्या रक्तांत मेसोथेलिननें २३ टक्के रोगी ओळखले, कॅलरेटिनिन नांवाच्या दुसऱ्या प्रथिनानें ३१ टक्के, आणि दोन्ही खुणा मिळून ४६ टक्के. एका साक्षीदारापेक्षां दोन बरे, ही न्यायालयांतील रीत येथेंही खरी ठरली. तरीही निम्म्याहून अधिक रोगी निसटलेच.

४६ आणि ९८ हे टक्के कानाला मोठे वाटतात. घरच्या माणसाच्या दृष्टीनें त्यांचा अर्थ काय, तें साध्या त्रैराशिकानें पाहूं. असे १,००० निवृत्त कामगार आहेत आणि पुढल्या सव्वा वर्षांत त्यांपैकीं पांचांना रोग होणार आहे, असें हिशेबापुरतें धरूं. दोन्ही खुणांची तपासणी केली. पांचांपैकीं दोघे सांपडतील. तिघांना 'सर्व ठीक' असा कागद मिळेल. उरलेल्या ९९५ जणांपैकीं दोन टक्के, म्हणजे सुमारें २० जणांना इशारा जाईल आणि तो खोटा असेल. एकंदर २२ घरांत भीतीचें पत्र पोंचलें, त्यांतलीं दोन पत्रें खरीं. आतां हीच तपासणी, ज्यांचा धुळीशीं कधींही संबंध आला नाहीं, अशा हजार माणसांवर करून पाहा. मेसोथेलिओमा त्यांच्यांत इतका दुर्मिळ कीं खरें पत्र बहुधा एकही नाहीं. खोटीं मात्र तेवढींच वीस! पत्रकें वांटणारे तपासणीची किंमत छापतात, हें त्रैराशिक छापीत नाहींत.

खूण फसते कां, याचीं कारणें गूढ नाहींत. मूत्रपिंडें दुबळीं झालीं म्हणजे मेसोथेलिन पुरतें बाहेर पडत नाहीं आणि रक्तांत सांचतें. उतारवयांत हें सहज घडतें. सीईए तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोगावांचूनही वाढलेलें असतें. म्हणजे ज्या वर्गाची तपासणी करावयाची, त्याच वर्गांत खोटी साक्ष देणारीं कारणें अधिक. शिवाय एका प्रयोगशाळेंत चमकलेली खूण दुसरीकडे मलूल होते, असाही अनुभव आहे. २०१२ सालीं अमेरिकेंत फायब्युलिन-३ या प्रथिनानें मेसोथेलिओमा जवळजवळ अचूक ओळखतां येतो असें प्रसिद्ध झालें; पुढें इतरांनीं पडताळा पाहिला तेव्हां तसा कौल मिळाला नाहीं. यांत कोणीं लबाडी केली असें नव्हे. पुनःपुन्हां पडताळा पाहणें हीच शास्त्राची शिस्त आहे.

फिनलंडच्या संशोधकांची वाट थोडी निराळी. पेशींच्या वाढीवर अंकुश ठेवणारें पी-५३ नांवाचें एक प्रथिन आहे. कर्करोगाच्या वाटेवर तें बरेचदां बिघडतें, आणि बिघडलेल्या प्रथिनाला परकें समजून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें निर्माण करतें. ॲस्बेस्टोसिसच्या रोग्यांचें जपून ठेवलेलें रक्त तपासतां, अशीं प्रतिद्रव्यें असलेल्यांना पुढें कर्करोग होण्याचा संभव अधिक, असें २००५ सालीं दिसून आलें. परंतु ज्यांना कर्करोग होतो त्या सर्वांच्याच रक्तांत हीं प्रतिद्रव्यें सांपडत नाहींत. अव्याप्तीचा दोष येथेंही आहेच.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यासाठीं एक दुःखद कथा आधीं सांगितली पाहिजे. अमेरिकेंत गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत 'कॅरेट' नांवाचा एक प्रचंड प्रयोग झाला. गाजराला रंग देणारें जें बीटा-कॅरोटीन, तें आणि 'अ' जीवनसत्त्व पोटांत दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी त्यामागें आशा होती. धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसचे कामगार मिळून १८,३१४ माणसें त्यांत सामील झालीं. जानेवारी १९९६ मध्यें प्रयोग मुदतीपूर्वीं थांबवावा लागला. कारण औषध घेणाऱ्यांत कर्करोग कमी होण्याऐवजीं २८ टक्के अधिक झाला आणि मृत्यूही १७ टक्के अधिक झाले. निरुपद्रवी वाटणारी वस्तु सद्हेतूनें दिली आणि अपाय झाला. परंतु त्या माणसांनीं दिलेलें रक्त थंड पेटींत सुरक्षित होतें. त्यांतील नमुन्यांवरून संशोधकांनीं चार प्रथिनांचा एक संच बसविला आणि युरोपांतील निराळ्या माणसांच्या रक्तावर त्याची परीक्षा घेऊन २०१८ सालीं निष्कर्ष मांडला. केवळ धूम्रपानाच्या इतिहासावरून, वर्षाच्या आंत फुप्फुसाचा कर्करोग होणाऱ्या शंभरांपैकीं ४३ ओळखतां येत होते; त्याला चार प्रथिनांची जोड दिली तेव्हां, खोट्या इशाऱ्यांचें प्रमाण तेवढेंच ठेवून, ६३ ओळखतां आले. परीक्षा ६३ रोग्यांपुरतीच होती. तरी दिशा स्पष्ट आहे. एकट्या खुणेवर निर्णय सोपवूं नये. माणसाचा इतिहास, वय, व्यसन आणि अनेक खुणा एकत्र वाचाव्या.

एवढें करूनही एक प्रश्न राहतोच, आणि माझ्या मतें तोच मुख्य आहे. कळून पुढें काय? ज्ञानाचें फळ क्रिया. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत उत्तर आशादायक आहे. अमेरिकेंतील ५३,४५४ जुन्या धूम्रपान्यांवर झालेल्या प्रयोगांत, कमी किरणांचें सीटी-चित्र वर्षातून एकदां, असें तीनदां काढलेल्यांत, साध्या क्ष-किरण चित्राच्या मानानें या कर्करोगाचे मृत्यु २० टक्क्यांनीं घटले, असें २०११ सालीं सिद्ध झालें. तेथेंही चारांतील एक चित्र संशयास्पद निघालें व त्यांतील बहुतेक संशय खोटे ठरले. पण कांहीं जीव वांचले, हें नाकारतां येत नाहीं. सीटी-चित्र कोणाचें अगत्यानें काढावें हें ठरविण्यास रक्तांतील खुणा पुढें मागें उपयोगीं पडतील, आणि त्यांचें खरें स्थान तेंच दिसतें. मेसोथेलिओमाची गोष्ट वेगळी. तो महिनाभर आधीं कळला म्हणून रोगी अधिक जगतो, असें अद्याप कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. मेसोथेलिनच्या तपासणीला अमेरिकन सरकारनें २००७ सालीं परवानगी दिली तीही रोग ठरलेल्या माणसाच्या प्रकृतीचा चढउतार पाहण्यासाठीं, निरोग्यांत रोग हुडकण्यासाठीं नव्हे. उपाय नसतांना दिलेली पूर्वसूचना मनुष्याचे निरोगी महिने मात्र हिरावून घेते.

याच्या उलट, आजच झालेली इजा दाखविणारी खूण अधिक कामाची असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनें सिलिकेच्या धुळींतील कामगारांसाठीं सीसी-१६ या प्रथिनाची तपासणी पुढें आणली आहे. श्वासनलिकांच्या अस्तरांतील पेशी हें प्रथिन करतात. धुळीनें त्या मेल्या म्हणजे रक्तांत तें घटतें. ही कर्करोगाची खूण नव्हे. पण क्ष-किरणांत डाग दिसण्यापूर्वीं मनुष्याला धुळींतून दूर करावें असें ती सांगूं शकते. तिच्यापुढें क्रिया आहे, म्हणून तिचें मोल.

आतां भगिनींच्या पृच्छेचें उत्तर. पत्रकांतील तपासणी आपल्या बुद्धीनें विकत घेऊं नये. ती निर्दोष आली तरी निर्धास्त राहतां येत नाहीं, आणि सदोष आली तर वरील हिशेबाप्रमाणें बावीसांतील वीस वेळां ती भीति निराधार असण्याचा संभव आहे. त्यापेक्षां पुढील गोष्टी कराव्या. दीर विडी ओढीत असतील तर ती आजच सोडवावी. गुणाकारांतला एक आंकडा आपल्या हातीं आहे तो हाच. फुप्फुसाच्या तज्ज्ञाला गांठून, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कारखान्याच्या कोणत्या खात्यांत, कोणतें काम केलें, याची लेखी टिपण त्यांच्या हातीं द्यावी आणि सीटी-चित्राची आवश्यकता त्यांनाच ठरवूं द्यावी. छातींत नवें दुखणें, वजन घटणें, थुंकींतून रक्त पडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहूं नये. तज्ज्ञांनीं स्वतः एखादी खूण पाहावयास सांगितली तर अवश्य पाहावी. तेथें ती एकटी साक्षीदार नसते.

आणखी एक गोष्ट कायद्याची. २७ जानेवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधीं महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षें, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षें, यांपैकीं जी मुदत उशीरा संपेल तोंवर कारखान्यानें ठेवलीच पाहिजे, असा त्यांत आदेश आहे. बाधा झाल्याचें प्रमाणित झालेल्या कामगारास भरपाईही त्याच निकालांत सांगितली आहे. तेव्हां दिरांनीं आपल्या जुन्या कारखान्याकडे ही नोंद लेखी मागावी. जुनीं वेतनपत्रकें, ओळखपत्र, छातीचीं जुनीं चित्रें रद्दींत घालूं नयेत. रोग तीसचाळीस वर्षांनीं उगवतो. कागद मात्र त्याच्या आधींच घरांतून नाहींसे होतात.

इतर वाचकांनाही यांत घेण्यासारखें आहे. ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे आपल्या देशांत १९८६ सालापासून बंद झाले, तरी माल परदेशांतून येतच आहे. घरावरचा जुना सिमेंटचा पत्रा जागेवर अभंग असतांना फारसा त्रास देत नाहीं. परंतु तो करवतीनें कापणें, त्याला भोकें पाडणें, फोडून अंगणांत भुगा करणें हें टाळावें. काढणें भागच असेल तर पाण्यानें भिजवून, न फोडतां उतरवावा, आणि हें काम करणाऱ्या मजुराच्या नाकातोंडाची काळजी आपण घ्यावी. त्याची पोरें घरीं त्याच्या अंगावरच्या धुळीशींच खेळतात, हें विसरूं नये.

तात्पर्य, रक्तांतील प्रथिनांची साक्ष खोटी नाहीं, पण अपुरी आहे. आणि अपुऱ्या साक्षीवर जन्ममरणाचा निवाडा करूं नये. संशोधक ती पुरी करण्याच्या उद्योगांत आहेत, आणि त्यांच्या चिकाटीला यश येवो. तोंवर इतकें लक्षांत असावें कीं, ज्या खुणेवरून या रोगाचें भाकीत सर्वांत आधीं व सर्वांत खात्रीनें करतां येतें, ती रक्तांत नाहीं. ती कारखान्याच्या झरोक्यांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरीपेंत दिसते. तेथें तरंगणारी धूळ आज मोजली आणि आवरली, तर चाळीस वर्षांनंतर कोणाचेंही रक्त तपासण्याची वेळ येणार नाहीं.